शिवेचा साक्षीदार आणि गावचा नकाशा

पाचोडचा एखादा विद्यार्थी आपल्या गावचा इतिहास लिहावयास बसला की त्याची पहिली अडचण ठरलेली असते. पैठणवर ग्रंथ आहेत. सातवाहनांपासून एकनाथांपर्यंत पैठणविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्याच तालुक्यातील पाचोडवर ग्रंथ नाही. छत्रपती संभाजीनगर-बीड रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव मोसंबीच्या व्यापारामुळे आज दूरवर ठाऊक आहे. परंतु मोसंबीच्या बागा येण्यापूर्वी ही जमीन कोणाची होती, नदीच्या कोणत्या पाणवठ्यावर कोण उतरत असे, महारवाडा आणि मांगवाडा गावापासून किती अंतरावर होते, आपली माणसे माती कोठे देत, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही.

मग तो विद्यार्थी भूमि अभिलेख कार्यालयात जातो, नकलेची फी भरतो आणि गावचा नकाशा घेऊन येतो. नकाशावर शेते आहेत, प्रत्येक शेताला नंबर आहे. ओढा आहे, गाडीवाट आहे, शेजारच्या गावाची शीव आहे. मध्यभागी रेषेने वेढलेली एक जागा आहे आणि तीवर ‘गावठाण’ असा शब्द आहे. त्या रेषेच्या आतील घर, गल्ली, वाडा, झोपडी यांची मोजणी नाही. ही गोष्ट एकट्या पाचोडची नव्हे. शेताचा बांध फुटाफुटाने मोजणाऱ्या सरकारने माणसे राहतात ती जागा बहुतेक खेड्यांत कोरी सोडली. आपला इतिहास नेमका त्या कोऱ्या जागेत, आणि पुष्कळदा त्या रेषेच्याही बाहेर घडलेला आहे.

म्हणून जुने नकाशे आपल्या कामाचे नाहीत असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे उलट आहे. ते आपल्या अतिशय कामाचे आहेत. मात्र ते कसे वाचावे हे शिकावे लागेल.

नकाशा कोणाच्या प्रश्नाचे उत्तर?

नकाशा म्हणजे जमिनीचे छायाचित्र, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. नकाशा काढणाऱ्याच्या मनात एक प्रश्न असतो आणि नकाशा हे त्या प्रश्नाचे उत्तर असते. ज्याचा प्रश्न वेगळा, त्याचा नकाशा वेगळा.

आपल्याकडे उपलब्ध असलेले जुने नकाशे मुख्यतः दोन प्रश्नांतून निघाले. पहिला प्रश्न सैन्याचा आणि राज्यकर्त्याचा होता: तोफ कोणत्या वाटेने नेता येईल, नदी कोठे उतरता येईल, मुलूख केवढा आहे? कंपनी सरकारने १७६७ साली जेम्स रेनेल यास बंगालचा सर्व्हेअर जनरल नेमले. भारतीय सर्वेक्षण खाते आपला जन्म त्या वर्षापासून मोजते. १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीची मोजणी सुरू केली. अर्ध्या टनाचे थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून डोंगरावर आणि गोपुरांवर चढवीत ती मोजणी दक्षिणेकडून निजामाच्या राज्यातून वर सरकली. लॅम्बटन १८२३ साली काम करीत असतानाच हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथे आहे. ते यंत्र वाहणाऱ्यांच्या कबरी कोठे आहेत हे कोणी लिहून ठेवले नाही.

या परंपरेतून पुढे एक इंचास एक मैल या प्रमाणाचे भूरूपदर्शक नकाशे आले आणि मेट्रिक पद्धत आल्यावर पन्नास हजारास एक या प्रमाणाचे. आपला परिसर ‘४७ एम’ या क्रमांकाच्या नकाशांत येतो. हे नकाशे दीर्घकाळ सामान्य माणसास सहज मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर ते खुले होऊ लागले आणि आता त्यांतील पुष्कळ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात.

दुसरा प्रश्न महसुलाचा होता: कोणत्या शेतावर किती आकार बसवावा आणि तो कोणाकडून वसूल करावा? मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी मोजणी बसविली, तिच्याच धर्तीवर निजामाच्या मराठवाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमाबंदी झाली. ३३ फुटांची साखळी, ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तो गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. शेत मोजले कारण शेत सारा देते. गावठाण सारा देत नाही, म्हणून ते मोजले नाही. या कोरेपणामागे मोजणीदाराचा आळस नव्हता, हिशेब होता.

अमेरिकेतील एक उदाहरण येथे ताडून पाहण्यासारखे आहे. १९३५ ते १९४० या काळात तेथील सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगविले. ज्या वस्त्यांत कर्ज देणे धोक्याचे मानले त्यांना तांबडा रंग दिला. निग्रो वस्त्या जवळजवळ सरसकट तांबड्या झाल्या. आज तेथील संशोधक तेच नकाशे पुरावा म्हणून वापरतात, कारण अन्याय करणाऱ्याने तो स्वतःच्या हाताने रंगवून ठेवला आहे. आपल्याकडे रंग दिलेला नाही. आपल्याला गैरहजेरीवरून पुरावा काढावा लागतो, आणि ते काम अधिक अवघड आहे.

शीव कोणाला ठाऊक होती?

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. ज्यांची घरे नकाशात आली नाहीत, त्यांच्याच ज्ञानावर नकाशाची शीव उभी आहे.

बलुतेदारीत महाराकडे जी कामे होती त्यांत शिवेची राखण हे एक मोठे काम होते. दोन गावांत शिवेचा तंटा पडला तर महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. कोणता दगड मूळचा, कोणता रात्रीतून सरकविलेला, कोणत्या झाडापासून शीव वळते, हे त्याने आपल्या बापाबरोबर चालून पाठ केलेले असे. मोजणीदार गावात आला म्हणजे त्याला शीव दाखविणे, दगड दाखविणे, निरोप पोचविणे हे काम गावकामगार म्हणून महाराकडेच येई. त्याने दाखविलेली शीव कागदावर गेली, त्या कागदावर मोजणी अधिकाऱ्याची सही झाली, आणि ज्याने ती दाखविली तो संध्याकाळी शिवेजवळच्याच आपल्या वाड्यात परत गेला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अस्पृश्य मूळचे कोण होते हा प्रश्न विचारताना प्रारंभ कोठून केला ते पाहावे. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला. वस्तीची जागा हाच इतिहासाचा पुरावा आहे ही दृष्टी त्यांनी दिली. इंग्लंडमध्ये हॉस्किन्स याने १९५५ साली तेथील भूप्रदेशाच्या घडणीवर पुस्तक लिहिले आणि बांध, कुंपणे, वाटा यांवरून इतिहास वाचण्याची शाखा नावारूपास आली. आपल्याकडे त्या शाखेचा सर्वांत धारदार प्रश्न त्यापूर्वीच विचारला गेला होता. तो गावोगाव नेऊन तपासण्याचे काम मात्र आपण केले नाही.

वाचण्याची रीत

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पाचोडचे उदाहरण घेऊन रीत सांगतो. ती कोणत्याही गावास लागू आहे.

प्रथम नावे वाचावीत. पाचोड बुद्रुक आणि पाचोड खुर्द अशी दोन गावे कागदावर आढळतात. बुद्रुक म्हणजे ‘बुजुर्ग’, थोरला. खुर्द म्हणजे धाकटा. एका नावाची दोन गावे असली की वस्ती केव्हातरी फुटली असावी, असा अंदाज करता येतो. ती का फुटली, कोण उठून गेले, हा पुढचा प्रश्न. नावावर आंधळा विश्वासही ठेवू नये. पैठणचे धरण सर्वांच्या तोंडी ‘जायकवाडी’ आहे. पण जायकवाडी हे बीड जिल्ह्यातील गाव. धरणाची मूळ योजना त्या बाजूची होती. जागा बदलली, नाव राहिले. नाव जागा सोडून प्रवास करू शकते, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरे, सीमा वाचाव्यात, पण त्या कोणत्या सालच्या हे पाहून. पाचोडच्या पूर्वेचा अंबड तालुका १ मे १९८१ रोजी नव्या जालना जिल्ह्यात गेला. त्यापूर्वीच्या नकाशात दोन्ही तालुके एकाच औरंगाबाद जिल्ह्यात दिसतील. १९४८ पूर्वीचे कागद हैदराबाद संस्थानचे, त्यामुळे ते उर्दूत, काही फारसीत, आणि गावपातळीवरचे पुष्कळसे मोडीत. हे वाचणारी माणसे आपल्या मुलांतून तयार झाली पाहिजेत. जुनी दप्तरे धुळीत पडलेली असतात आणि ती हुडकता येत नाहीत, ही सबब आता चालणार नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यातील निजामकालीन कागद तालुक्यातालुक्यांतून उघडले गेले. ज्या प्रश्नामागे ताकद उभी राहते त्याचे कागद सापडतात.

तिसरे, शेतांचे नंबर. येथे नवखा माणूस हमखास फसतो. म्हातारा सांगतो एक नंबर आणि सातबाऱ्यावर असतो दुसराच. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली जेथे एकत्रीकरण झाले तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्यावरून नवा नंबर काढण्यासाठी एकत्रीकरणाचा उतारा मागावा. मराठवाड्यापुरता याहून महत्त्वाचा कागद म्हणजे १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक. जमीन कोणाच्या नावे आणि प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात, हे त्यात शेतवार नोंदलेले असते. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याच्या काळातच हे पत्रक झाले. त्यामुळे महार इनामाची जमीन कोणाच्या हातात होती आणि नंतर कोणाच्या हातात गेली, हे पाहण्यास यासारखा दुसरा आधार नाही. शेतांची बोलीतील नावेही टिपावीत. ‘हाडोळा’, ‘हाडकी’ अशा नावाचे शेत आज कोणाच्याही मालकीचे असो, ते नाव महारकीच्या जमिनीची खूण आहे.

चौथे, पाणी. भूरूपदर्शक नकाशावर पाणी निळ्या रंगात आणि उंचसखलपणा तपकिरी समोच्च रेषांत दाखवितात. या दोन रंगांवरून प्रवाह कोणीकडे उतरतो ते कळते. पाणवठ्यावर सवर्ण वरच्या अंगाला आणि अस्पृश्य खालच्या अंगाला, ही रीत सर्वत्र सांगितली जाते. महारवाडा गावाच्या पूर्वेस असतो, कारण पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि तो वाड्यावरून गावात येता कामा नये, असेही सर्रास सांगतात. ही विधाने भाषणात वापरून सोडून देऊ नयेत, ती तपासावीत. आसपासची वीस गावे घ्यावीत, प्रत्येकाचा जुना वाडा, गाव, प्रवाहाची दिशा नकाशावर मांडावी आणि किती ठिकाणी नियम खरा ठरतो ते मोजावे. जेथे तो मोडतो तेथे कारण शोधावे. विहिरीची खूण नकाशावर असते. ती बांधीव की कच्ची हेही कळते. तिच्यावर दोर कोणाला टाकू देत, हे सांगणारी खूण मात्र कोणत्याही सूचीत नाही. ते माणसांनाच विचारावे लागते.

पाचवे, प्रमाण. एक इंचास एक मैल या नकाशावर एक फर्लांगाचे अंतर सुमारे तीन मिलिमीटर भरते. ज्या अंतराने पिढ्यान्पिढ्या माणसाचे आयुष्य ठरविले ते नकाशात तांदळाच्या दाण्याहून लहान दिसते. म्हणून लहान प्रमाणाच्या नकाशावर वाडा ‘दिसत नाही’ एवढ्यावरून तो गावालगत होता असा निष्कर्ष काढू नये.

सहावे, थर. एका नकाशावरून इतिहास कळत नाही. निदान तीन काळांचे नकाशे घेऊन पारदर्शक कागदावर एकावर एक उतरवावेत. १९७२ च्या दुष्काळापूर्वीचा आणि नंतरचा नकाशा शेजारी ठेवला की दुष्काळी कामांवर खोदलेले पाझर तलाव आणि रस्ते उठून दिसतात. खडी कोणी फोडली आणि तलावाखाली भिजली कोणाची जमीन, असे दोन प्रश्न त्या एका थरातून निघतात. पैठणच्या धरणाची कोनशिला १९६५ साली बसली आणि १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. नाथसागराच्या पाण्याखाली शंभराहून अधिक गावे गेली. त्या गावांच्या शिवा, वाटा आणि गावठाणे आज फक्त जुन्या नकाशांवर उरली आहेत. तेथील वाडे तर तेथेही नाहीत. ते विस्थापितांच्या आठवणीत आहेत, आणि आठवण असलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

ही वेळ चुकवू नये. नकाशा घेऊन वस्तीतील म्हाताऱ्यांपाशी बसावे, विशेषतः म्हाताऱ्या बायांपाशी. पाणी, सरपण, शेण आणि कापणी यांच्या वाटा त्यांच्या पायांनी तुडविलेल्या आहेत. त्यांना कागदावरचा नकाशा वाचता येत नसेल तर अंगणात रांगोळीने किंवा राखेने काढावयास सांगावे. त्यांनी काढलेला नकाशा तारीख, गाव आणि सांगणारीची परवानगी घालून जसाच्या तसा उतरवून ठेवावा. नंतर त्यांच्याबरोबर चालून तो ताडून पाहावा. पांढरीची माती, जुन्या विहिरीचे दगड, मोडलेली जोती ही जागेवरच दिसतात. कागद, आठवण आणि जागा या तिन्ही साक्षी जुळल्या तर विधान करावे. न जुळल्यास तसे लिहावे. आपल्या बाजूचे आहे म्हणून कच्चे विधान केले तर विरोधक ते एका उताऱ्याने मोडतो.

चित्रांची साक्ष

नकाशांप्रमाणे जुनी चित्रेही जमिनीचा पुरावा देतात. आपल्या प्रदेशाला या बाबतीत दारिद्र्य नाही; मात्र जी चित्रे आहेत ती लेण्यांची, किल्ल्यांची आणि राजांची.

१६३३ साली मोगलांनी दौलताबाद घेतले. त्या वेढ्याचे चित्र शहाजहानच्या ‘पादशहानामा’ या ग्रंथात आहे आणि तो ग्रंथ आज इंग्लंडच्या राजाच्या विंझर येथील संग्रहात आहे. हे चित्र बादशहाचा विजय सांगण्यासाठी काढलेले आहे. देवगिरीचा डोंगर त्यात ओळखू येण्यापुरता येतो. डोंगराचा उतार मोजण्यासाठी ते वापरणे चुकीचे; त्या काळच्या दरबाराला या मुलखात काय पाहावयाचे होते हे जाणण्यासाठी ते उत्तम.

वेरूळच्या चित्रांची कथा अधिक बोलकी आहे. १७९० च्या दशकात पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने गंगाराम तांबट या पुण्याच्या कारागिराकडून वेरूळच्या लेण्यांची रेखाटने करविली. त्यानंतर जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार वेरूळला गेला. तो १७९५ साली वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल याने १८०३ साली लंडनमध्ये चोवीस दृश्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. तो संग्रह जगभर नावाजला गेला. गंगारामाचे नाव मात्र दीर्घकाळ अभ्यासकांपुरतेच राहिले. शिवेच्या साक्षीदाराचे जे झाले तेच येथे वेगळ्या रूपात झाले.

अशा चित्रापुढे बसल्यावर काही प्रश्न क्रमाने विचारावेत. पैसे कोणी दिले? चित्रकार प्रत्यक्ष जागेवर होता की दुसऱ्याच्या रेखाटनावरून काम करीत होता? तो कोठे उभा होता, आणि आज आपण तेथे उभे राहिलो तर काय दिसते? ऋतू कोणता? झाडे त्या जागेची की विलायती चित्राच्या रिवाजाची? आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोपऱ्यातील माणसे कोण? लेण्याची भव्यता कळावी म्हणून त्या काळचे चित्रकार पायथ्याशी दोन-चार लहान माणसे काढीत. ती केवळ मोजपट्टी म्हणून उभी असतात. पण त्यांच्या हातातील काठी, डोक्यावरचे ओझे, कमरेचे वस्त्र हे चित्रकाराने कोठून तरी पाहिलेले असते. त्या लहान माणसांवर भिंग धरावे. फार मोठे निष्कर्ष मात्र काढू नयेत.

पैठणचे नाव लावलेली चित्रकथींची चित्रेही आहेत. हातात चित्रांची पोथी घेऊन गावोगाव रामायण-महाभारताच्या कथा सांगणाऱ्या फिरत्या कलावंतांची ती परंपरा. त्यांत झाड आणि पाणी संकेताने येतात. तेवढ्यावरून गोदाकाठ असा होता असे म्हणता येणार नाही. संकेताने काढलेले चित्र आणि पाहून काढलेले चित्र यांत फरक केला पाहिजे.

चित्र स्वतः नष्ट होऊ शकते, हाही धडा आपल्याच जिल्ह्यातला आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला रॉबर्ट गिल याने १८४४ नंतर अनेक वर्षे खपून केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह नव्याने नकला केल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. राजसत्तेने जपलेल्या वस्तूंची ही गत. आपल्या वस्तीचे छायाचित्र तर एखाद्या घरच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या किंवा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीच्या फोटोत, माणसांच्या मागे चुकून आलेले असते. तो फोटो मागावा. पुढची माणसे त्यांच्या घरच्यांसाठी. आपण मागची भिंत, आड आणि रस्ता पाहावा. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, काही कुटुंबे गाव सोडून शहरात आली. त्या वस्त्या कशा होत्या हे सांगणारे एखादे चित्र उरले असेल तर ते अशाच पेटीत असेल.

महाडचा धडा

एवढा खटाटोप कशासाठी, असे कार्यकर्ते विचारतील. त्यांना महाडचा खटला आठवावा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. पुढे सवर्णांनी दावा लावला. तळे आमचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे न येऊ देण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे. हा खटला दहा वर्षे चालला आणि त्यात जागेचा इतिहास तपासला गेला. तळे केवढे? चार-पाच एकरांचे. त्यात पाणी कोठून येते? मुख्यतः नैसर्गिक स्रोतांतून. त्याभोवती काय आहे? नगरपालिकेचे रस्ते, आणि त्यांच्यापलीकडे सवर्णांची घरे. जमीन मूळची कोणाची? सरकारची, आणि नंतर नगरपालिकेकडे आलेली. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला की अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही.

माणुसकीचा हक्क कोणत्याही उताऱ्यावर अवलंबून नसतो, हे खरे. तरीही न्यायालयात ‘अनादि काळापासून’ हे शब्द मोडावयास तारीख लागते, आणि तारीख कागदात असते. रूढीचे सर्वांत मोठे बळ असे की तिचा जन्म कोणाला आठवत नाही. जुना नकाशा तिचा जन्म दाखवू शकतो.

आज कोरी जागा भरली जात आहे

गायरानाचा प्रश्न आपल्याला ठाऊकच आहे. १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून दादासाहेब गायकवाडांनी जो लढा उभारला, त्यातून मराठवाड्यात हजारो कुटुंबे पडीक गायरान कसू लागली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. पण ताबा त्या तारखेपूर्वीचा हे दाखवावे लागते. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही, जुना गावनकाशा आणि जागेवरची विहीर किंवा बांध, यांच्या मेळातून ते दाखविता येते. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आल्यापासून ही निकड वाढली आहे.

स्मशानाचेही तसेच. महसुलाच्या नियमांत दहन-दफनाची जागा ‘पोटखराबा ब’ या वर्गात येते, म्हणजे ती सार्वजनिक उपयोगासाठी सोडलेली जमीन. आपण पिढ्यान्पिढ्या ज्या तुकड्यावर माती दिली तो या वर्गात नोंदला आहे का, हे प्रेत अंगणात असताना पाहता येत नाही. ते आधी पाहावे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्य आहे. पाटीवरून ते नाव गेलेच पाहिजे. जुन्या कागदावरचे नाव मात्र खोडू नये. आपल्या अपमानाचा तो दस्तऐवज आहे, आणि कोण कोठे राहत होते, कोणाची जमीन कोणती होती याचा धागाही त्यातच आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत तातडीची. गावठाणाची ती कोरी जागा आता भरली जात आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जातात आणि घरमालकास मिळकत पत्रिका मिळते. मोजणीपूर्वी प्रत्येक घराची हद्द जमिनीवर चुन्याने आखतात. ती पांढरी रेषा आकाशातून दिसते आणि नकाशात उतरते. ज्या दिवशी चुना पडतो त्या दिवशी आपला माणूस ऊसतोडीला किंवा शहरात कामाला गेलेला असला, तर त्याचे अंगण शेजाऱ्याच्या रेषेत जाऊ शकते. गावठाणाबाहेर, गायरानावर वसलेली वस्ती तर या मोजणीत येतच नाही. ती पुन्हा रेषेच्या बाहेर राहते.

आज काढला जाणारा नकाशा पन्नास वर्षांनी जुना होईल आणि आपली नातवंडे तो पुढे घेऊन बसतील. म्हणून ज्या गावात मोजणी व्हावयाची आहे तेथील शिकलेल्या मुलांनी चुना पडताना वस्तीत हजर राहावे. ज्या गावात ती झाली आहे तेथे घरोघरी मिळकत पत्रिका पाहून चूक असल्यास मुदतीत लेखी हरकत घ्यावी. आपल्या आजोबांनी शीव दाखविली आणि कागदावर दुसऱ्याची सही झाली. या वेळी शीव दाखविणाऱ्याचे नावही त्या कागदावर असले पाहिजे.